मतदारसंघाचा निवडणूक इतिहास कसा जुळवायचा: सोलापूर जिल्ह्यापुरते मार्गदर्शन

निवडून आलेल्या आमदारांची यादी अर्ध्या तासात तयार होते. पण तिला मतदारसंघाचा इतिहास म्हणायचे, तर आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. १९७८ चा 'सोलापूर शहर उत्तर' आणि आजचा 'सोलापूर शहर उत्तर' ही एकच जागा आहे का? नाही. पाटी तीच राहिली, खालची जमीन सरकली. २००४ च्या निवडणुकीपर्यंत सोलापूर जिल्ह्यात विधानसभेच्या १३ जागा होत्या, २००९ पासून ११ आहेत. दोन जागा गेल्या म्हणजे त्यांचे मतदार उरलेल्या जागांत वाटले गेले, आणि त्यामुळे शेजारच्या जवळजवळ प्रत्येक मतदारसंघाची हद्द हलली. म्हणून कामाला हात घालताना निकाल बाजूला ठेवा आणि हद्दीचे कागद आधी काढा.

आधी हद्द

मतदारसंघांची हद्द पुनर्रचना आदेशाने ठरते. आपल्याला लागणारे आदेश सहा: १९५१, १९५६, १९६१, १९६६, १९७६ आणि २००८. पहिल्या आदेशावर १९५२ ची निवडणूक झाली, दुसऱ्यावर १९५७ ची, तिसऱ्यावर १९६२ ची. १९६६ च्या आदेशावर १९६७ आणि १९७२ अशा दोन निवडणुका झाल्या. १९७६ चा आदेश सगळ्यात दीर्घायुषी ठरला: १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९५, १९९९ आणि २००४. २००८ च्या आदेशावर २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चार झाल्या. राज्यातील एकूण जागाही याच टप्प्यांवर बदलल्या. १९६२ ला २६४, १९६७ ला २७० आणि १९७८ पासून २८८.

तुमच्या तक्त्यात प्रत्येक निकालापुढे 'हद्द' असा एक रकाना ठेवा आणि त्यात आदेशाचे वर्ष टाका. एवढ्या एका रकान्याने निम्म्या चुका टळतात. १९७६ च्या हद्दीतला निकाल २००८ च्या हद्दीतल्या निकालाशी तुलनेला घेतला की तो रकाना लगेच डोळ्यात खुपतो.

२००८ चा आदेश वाचताना तालुक्याच्या नावावर विसंबू नका. मतदारसंघाला तालुक्याचे नाव असते, पण तो तालुका पूर्ण आत असतोच असे नाही. करमाळा मतदारसंघात माढा तालुक्यातली ३६ गावे आहेत. माढा मतदारसंघात पंढरपूर तालुक्यातली ४२ आणि माळशिरस तालुक्यातली १४ गावे येतात. पंढरपूर मतदारसंघ म्हणजे पंढरपूर शहर, भोवतालची २२ गावे आणि मंगळवेढा तालुका. लोक त्याला पंढरपूर-मंगळवेढा म्हणतात, पण निवडणूक आयोगाच्या कागदावर नाव नुसते 'पंढरपूर'. उत्तर सोलापूर आणि पंढरपूर तालुक्यांतली काही गावे मोहोळला जोडलेली आहेत. प्रचारात '३६ गावे', '४२ गावे' हे शब्द सतत कानावर पडतात, त्यांचा उगम हा.

आदेशात गावांची सलग यादी नसते. महसूल मंडळ, सजा (एका तलाठ्याकडची गावे), नगरपालिका किंवा महापालिकेचे वॉर्ड अशा भाषेत वर्णन असते. मंडळ पूर्ण असेल तर त्यातली सगळी गावे धरायची. 'मंडळ (भाग)' लिहिले असेल तर पुढे दिलेले सजे मोजायचे. इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. आदेश त्या वेळच्या मंडळांवर बेतलेला आहे. नंतर नवी मंडळे आणि नवे सजे झाले, तरी मतदारसंघाची हद्द जुन्याच रचनेने चालते. म्हणून आजच्या तलाठी कार्यालयाची यादी घेऊन आदेश वाचू नका. दुसरी अडचण सोलापूर शहरातली आहे. शहरातले वर्णन २००१ च्या जनगणनेच्या वॉर्ड क्रमांकांत आहे. महापालिकेची २०१७ ची निवडणूक २६ प्रभागांत झाली. त्या क्रमांकांचा आणि या वॉर्डांचा काही संबंध नाही. 'प्रभाग अमुक म्हणजे शहर मध्य' असे कोणी सांगितले तर तो अंदाज समजा. खात्री मतदार यादीच्या भागांवरून करायची. प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर कोणता परिसर, कोणत्या गल्ल्या, मतदान केंद्र कोणत्या शाळेत, हे छापलेले असते.

कुंभारी गावाचे उदाहरण मुद्दाम तपासण्यासारखे आहे. विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये तिथे उभी राहिली आणि जानेवारी २०२४ मध्ये तिथल्याच रे नगर या कामगार वसाहतीतल्या घरांचा पहिला टप्पा दिला गेला. शहरातल्या पूर्व भागातली हजारो कुटुंबे अशी दक्षिण सोलापूर तालुक्यात आली. वसाहत शहराला लागून, गाव दक्षिण तालुक्यात, आणि दक्षिण तालुक्याचा काही भाग अक्कलकोट मतदारसंघाला जोडलेला. अशा ठिकाणी तर्क लढवू नये, आदेशातला सजा काढून पाहावा. शहरातल्या डाव्या पक्षाची मते का घटली याचे उत्तर शोधतानाही हे स्थलांतर विसरून चालत नाही.

सारख्या नावांचा चकवा

२००८ पूर्वी जिल्ह्यात 'सोलापूर शहर उत्तर', 'सोलापूर शहर दक्षिण', 'उत्तर सोलापूर' आणि 'दक्षिण सोलापूर' अशा चार वेगळ्या जागा होत्या. 'उत्तर सोलापूर' अनुसूचित जातींसाठी राखीव होती, 'शहर उत्तर' खुली. इंग्रजी अहवालातून नोंदी उतरवताना या चौघींची सरमिसळ हमखास होते. २००८ ला 'शहर दक्षिण' आणि 'उत्तर सोलापूर' ही नावे गेली आणि 'शहर मध्य' नवे आले. मंगळवेढा ही राखीव जागाही त्याच वेळी संपली. मोहोळ आणि माळशिरस राखीव झाल्या. म्हणजे शहर मध्यचा स्वतःचा इतिहास फक्त २००९ पासूनचा. माकपचे नरसय्या आडम १९७८, १९९५ आणि २००४ ला निवडून आले ते शहर दक्षिणमधून. त्यांना शहर मध्यच्या यादीत घालणे चूक. 'पूर्वीच्या हद्दीतले आमदार' असा वेगळा तक्ता करून त्यात घाला.

जुन्या अहवालांत शहराचे नाव 'शोलापूर' अशा स्पेलिंगने आहे, आणि सांगोल्याचे स्पेलिंग इंग्रजीत 'सांगोले' असे वाचावे लागेल असे आहे. पीडीएफमध्ये शोध घेताना दोन्ही रूपे टाका, नाहीतर 'नोंद नाही' असा निष्कर्ष निघतो. १९५२ आणि १९५७ चे अहवाल महाराष्ट्राखाली सापडणार नाहीत. ते मुंबई राज्याखाली आहेत. मतदारसंघाच्या क्रमांकावरही भिस्त ठेवू नका. सांगोला आज २५३, शहर मध्य २४९, पण हे क्रमांक २००८ चे. आधीच्या प्रत्येक आदेशात क्रमांक वेगळे.

उमेदवारांची नावे आडनाव आधी, आडनाव शेवटी, वडिलांच्या नावासह आणि नावाविना अशी चारही तऱ्हांनी येतात. 'आडम नरसय्या नारायण' आणि 'नरसय्या आडम' ही एकच व्यक्ती आहे हे संगणकाला कळत नाही. प्रत्येक व्यक्तीला एक कायमचा क्रमांक द्या आणि पुढची सगळी जोडाजोड त्या क्रमांकावर करा. जिल्ह्यात देशमुख आणि शिंदे किती आहेत हे वेगळे सांगायला नको: शहर उत्तरचे विजयकुमार, दक्षिणचे सुभाष, सांगोल्याचे गणपतराव आणि नंतर बाबासाहेब. नुसते 'देशमुख' लिहून पुढे गेलात तर महिन्याने तुमचे तुम्हालाच कळणार नाही. मोठ्या उमेदवाराच्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेले अपक्ष तर दर निवडणुकीत उभे असतातच.

निकाल कुठून घ्यायचे

मुख्य आधार एकच, भारत निवडणूक आयोगाचा सांख्यिकी अहवाल. प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचा अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर पीडीएफ किंवा एक्सेल स्वरूपात मिळतो. त्यातले दोन भाग उतरवायचे. एक मतदारसंघाचा गोषवारा: मतदार, मतदान, बाद मते, वैध मते, उमेदवारांची संख्या, अनामत जप्त झालेले. दुसरा सविस्तर निकाल, म्हणजे उमेदवारनिहाय मते. अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी केंद्राने हीच माहिती 'लोकढाबा' नावाने १९६२ पासून एकत्र मांडली आहे. पटकन चाळायला ती उत्तम, पण छापण्याआधी आकडा आयोगाच्या अहवालाशी ताडून घ्या. विकिपीडियावरचे तक्ते आठवणीसाठी ठीक, आधार म्हणून नाहीत.

आकडा उतरवला की लगेच वजाबाकी करा. सांगोला २०१९: शहाजीबापू पाटील ९९,४६४, अनिकेत देशमुख ९८,६९६, फरक ७६८. शहर मध्य २०१९: प्रणिती शिंदे ५१,४४०, फारूक शाब्दी ३८,७२१, फरक १२,७१९. मताधिक्य कधीही कुठून उचलून लिहू नका, नेहमी वजा करून काढा. दोन आकड्यांपैकी एक चुकला असेल तर तो इथेच सापडतो.

आता काळानुसार कुठे सावध राहायचे ते.

१९५२ आणि १९५७ मध्ये काही जागा दोन सदस्यांच्या होत्या. १९५२ ची सोलापूर लोकसभेची जागा तशीच: शंकरराव मोरे आणि पां. ना. राजभोज दोघेही तिथूनच निवडून आले. अशा जागेवर मतदाराला दोन मते असत आणि ती दोन वेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. त्यामुळे मतांची बेरीज मतदारांच्या संख्येपेक्षाही जास्त भरू शकते. तिला मतदारसंख्येने भागून टक्केवारी काढली तर शंभरावर जाते आणि माणूस अहवालालाच दोष देतो. १९६१ च्या कायद्याने या जागा संपल्या. पहिल्या दोन निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे. एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आली. म्हणून बाद मतांची तुलना १९६२ पासून पुढेच करा. १९५७ च्या अहवालात संयुक्त महाराष्ट्र समितीचा रकाना शोधू नका. समितीचे उमेदवार आपापल्या पक्षाच्या नावाने किंवा अपक्ष म्हणून नोंदलेले आहेत. कोण समितीचा होता हे त्या वेळच्या वर्तमानपत्रातूनच लावावे लागते.

१९८५ ते १९९० या पाच वर्षांत मतदारसंख्या एकदम उडी मारते. लोकसंख्या तेवढी वाढलेली नसते. ६१ व्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ झाले. १९९० ची विधानसभा ही या वयाची राज्यातली पहिली. २००४ ला राज्यभर मतदान यंत्रे आली आणि बाद मतांचा रकाना जवळजवळ रिकामा झाला. उरलेली बाद मते मुख्यतः टपाली. त्यामुळे मतपत्रिकेच्या काळात निसटत्या फरकाचा निकाल आला असेल तर बाद मते शेजारी लिहा. १९९५ ला सांगोल्यात गणपतराव देशमुख १९२ मतांनी हरले. अशा वेळी बाद मतांचा आकडा वाचकाला बरेच काही सांगतो. 'नोटा' विधानसभेला २०१४ पासून. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सप्टेंबर २०१३ चा.

पोटनिवडणुका: सगळ्यात मोठे भोक

सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात पोटनिवडणूक नसते. फक्त अहवालावर विसंबून सांगोल्याची यादी केली तर गणपतराव देशमुख दहा वेळा निवडून आल्याचे दिसते. ते अकरा वेळा आले: १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९ आणि २०१४. गळालेली नोंद १९७४ च्या पोटनिवडणुकीची. करमाळ्यातही १९७४ लाच पोटनिवडणूक झाली, आणि सुशीलकुमार शिंदे विधानसभेत पहिल्यांदा गेले ते तिथून. अलीकडची ठळक म्हणजे पंढरपूरची. भारत भालके यांच्या निधनानंतर १७ एप्रिल २०२१ ला मतदान आणि २ मे ला मोजणी झाली. समाधान आवताडे १,०९,४५०, भगीरथ भालके १,०५,७१७, फरक ३,७३३.

जागा रिकामी झाली म्हणजे पोटनिवडणूक झालीच असेल असे धरू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१-अ प्रमाणे सहा महिन्यांत ती घ्यायची, पण सभागृहाची मुदत वर्षाहून कमी उरली असेल तर हे बंधन नाही. एप्रिल २०१९ मध्ये माळशिरसचे आमदार हनुमंत डोळस वारले आणि जून २०२४ मध्ये प्रणिती शिंदे लोकसभेवर गेल्या. दोन्ही वेळा पोटनिवडणूक नाही, जागा रिकामी. तक्त्यात 'रिक्त' अशी ओळ तारखांसह घाला. हे कलम १९९६ चे आहे. त्याआधी जागा जास्त काळ मोकळी राहिलेली दिसली तर ती तुमची चूक असेलच असे नाही.

पोटनिवडणूक शोधायची सोपी युक्ती: एका सभागृहाच्या सुरुवातीची आणि शेवटची सदस्य यादी शेजारी ठेवा. नाव बदलले की तिथे काहीतरी घडले आहे. मग महाराष्ट्र शासन राजपत्रातली निकालाची अधिसूचना काढा, आणि उमेदवारनिहाय मतांसाठी आयोगाकडची पोटनिवडणुकांची वेगळी यादी किंवा जिल्ह्याची निवडणूक शाखा गाठा.

पक्षाचा रकाना

इथे घाई केली तर पुढचे सगळे विश्लेषण बिघडते. दोन रकाने ठेवा: 'कागदावरचा पक्ष', म्हणजे अहवालात जसा आहे तसा, आणि 'धारा', म्हणजे तुमच्या समजुतीने तो कोणत्या प्रवाहातला. पहिल्यात कधीही फेरफार करायचा नाही.

काँग्रेस हे एकच नाव समजून चालणार नाही. १९७८ ला काँग्रेस आणि इंदिरा काँग्रेस वेगळ्या लढल्या, १९८० ला अर्स काँग्रेस, १९८५ ला समाजवादी काँग्रेस. राष्ट्रवादी जून १९९९ ची. भाजप एप्रिल १९८० चा, आणि विधानसभेची निवडणूक त्याच वर्षी मे महिन्यात; त्याआधी १९७८ ला जनता पक्ष, १९७२ पर्यंत जनसंघ. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन १९५७ पर्यंत, १९६२ पासून रिपब्लिकन. २०२४ ला शिवसेना आणि राष्ट्रवादीच्या प्रत्येकी दोन नोंदी आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेचे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीचे मूळ नाव-चिन्ह कोणाला हे आयोगाने ठरवले, म्हणून २०१९ ची 'राष्ट्रवादी' आणि २०२४ ची 'राष्ट्रवादी' एका रेघेने जोडणे धोक्याचे.

बार्शी हे याचे उत्तम उदाहरण. २००४ राजेंद्र राऊत, शिवसेना. २००९ दिलीप सोपल, अपक्ष. २०१४ सोपल, राष्ट्रवादी. २०१९ राऊत, अपक्ष. २०२४ सोपल, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे). पक्षाच्या रकान्यावरून पाहिले तर बार्शीकर दर पाच वर्षांनी मत फिरवतात असे वाटेल. माणसांच्या रकान्यावरून पाहिले तर वीस वर्षे दोनच गटांची कुस्ती चालू आहे आणि लांग तेवढी बदलते. पंढरपुरात भारत भालके तीनदा निवडून आले ते तीन वेगळ्या पक्षांतून: २००९ स्वाभिमानी पक्ष, २०१४ काँग्रेस, २०१९ राष्ट्रवादी. आमच्या मते या जिल्ह्यात आलेख काढायचा तर आधी उमेदवारांचा काढावा, पक्षांचा मग.

युती-आघाडीच्या वर्षांत जागा मित्रपक्षाला सुटलेली असेल तर तिथे शून्य लिहू नका, रेघ मारा. शून्य म्हणजे लढले आणि मते नाहीत, रेघ म्हणजे लढलेच नाहीत. २०१४ ला चारही मोठे पक्ष वेगळे लढले, त्यामुळे त्या वर्षाची टक्केवारी प्रत्येक पक्षाचे स्वतःचे वजन दाखवते. २००९ आणि २०१९ ची तशी दाखवत नाही. बंडखोराला वेगळी खूण करा. शहर मध्यमध्ये महेश कोठे २०१४ ला शिवसेनेकडून होते आणि २०१९ ला अपक्ष. त्या वर्षी सेनेचे अधिकृत उमेदवार दिलीप माने होते, जे २००९ ला दक्षिणमधून काँग्रेसचे आमदार झाले होते. या दोन ओळी माहीत नसतील तर २०१९ चा शहर मध्यचा निकाल वाचता येत नाही. तिथे एमआयएम २०१४, २०१९ आणि २०२४ तिन्ही वेळा दुसऱ्या क्रमांकावर राहिला, हे मात्र आकडेच सांगतात.

हिशेब

मतदानाची टक्केवारी म्हणजे एकूण मतदान भागिले मतदार. उमेदवाराची टक्केवारी म्हणजे त्याची मते भागिले वैध मते. २०१४ नंतर गोंधळ होतो कारण आयोगाच्या निकालाच्या पानावर टक्केवारी काढताना नोटाही एकूणात धरलेला असतो. कोणताही एक भाजक घ्या, पण सगळ्या वर्षांना तोच, आणि तक्त्याखाली तसे लिहा. मतदानाच्या संध्याकाळी जाहीर होणारी टक्केवारी तात्पुरती असते. ती वर्तमानपत्रातून उचलू नका.

अनामत वाचायला वैध मतांच्या एकषष्ठांशाहून जास्त मते लागतात. बरोबर एकषष्ठांश पडली तरी जप्त. नोटा वैध मतांत धरायचा नाही. समजा वैध मते १,८०,००० आणि नोटा २,४००. मर्यादा ३०,०००. ३०,२०० मते मिळालेल्याची अनामत वाचली. पण नोटा मिळवून १,८२,४०० ला सहाने भागले तर ३०,४०० येतात आणि तुम्ही त्याची अनामत घालवून बसता. गावात ही गोष्ट लोक वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात, तेव्हा इथे चुकू नका.

केंद्रनिहाय निकाल: नमुना २०

गावोगावचा कल हवा असेल तर नमुना २० लागतो, म्हणजे अंतिम निकालपत्र. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर अलीकडच्या निवडणुकांचे मिळतात. प्रत्येक ओळ एका मतदान केंद्राची, आडवे उमेदवार, मग वैध, बाद, नोटा, एकूण, आणि शेवटी टपाली मतांची वेगळी ओळ. बरेचसे स्कॅन असतात, काही हाताने भरलेले. संगणकाकडून अक्षरे ओळखून घेतली तर १ चा ७ आणि ३ चा ८ होतो. म्हणून प्रत्येक ओळीची आडवी बेरीज आणि प्रत्येक उमेदवाराची उभी बेरीज, दोन्ही जुळवा. आडवी जुळली आणि उभी नाही, तर बहुधा एक अख्खे पान सुटलेले असते.

एकूण मते घोषित निकालाशी जुळत नसतील तर आधी टपाली ओळ मिळवली का ते पाहा. दहापैकी नऊ वेळा तेच असते. तरीही फरक राहिला तर एखादे यंत्र मोजणीतून बाजूला ठेवले होते का ते तपासा. सराव मतदान पुसायचे राहून गेले किंवा नोंद जुळली नाही, तर मताधिक्य मोठे असताना ते यंत्र न मोजता निकाल देता येतो. त्या केंद्राची ओळ मग कोरी दिसते.

दोन निवडणुकांची केंद्रे क्रमांकाने जोडू नका. सहायक केंद्रे वाढतात, क्रमांक सरकतात. शाळेचे नाव, खोली आणि यादीचा परिसर यावरून जोडा. शाळेचे नाव बदलले असेल तर परिसर खरा धरा. गावात तीन केंद्रे असतील तर आधी गावाची बेरीज करा आणि तुलना गावपातळीवरच ठेवा, कारण गल्ल्या एका केंद्रातून दुसऱ्यात हलवल्या जातात. केंद्राच्या आकड्याला लोक किती मानतात हे डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरसमधल्या मारकडवाडीने दाखवले. आपल्या गावचे आकडे पटत नाहीत म्हणून गावकऱ्यांनी मतपत्रिकेवर स्वतः मतदान घ्यायचे ठरवले आणि प्रशासनाने ते थांबवले. अशा प्रसंगाची नोंद घ्या, पण तक्त्यात अधिकृत आकडाच राहू द्या.

लोकसभेच्या नमुना २० मध्येही विधानसभानिहाय मते असतात. ती वेगळ्या पानावर ठेवा. जिल्ह्यातल्या ११ जागा तीन लोकसभांत विभागल्या आहेत: सहा सोलापुरात, करमाळा-माढा-सांगोला-माळशिरस माढ्यात, आणि बार्शी उस्मानाबादमध्ये. एकाच जिल्ह्यातल्या 'लीड'ची तुलना करताना समोरचे उमेदवारच वेगळे होते, हे विसरले जाते.

कार्यालयातून काय मिळते

संकेतस्थळावर नसलेला नमुना २० किंवा जुनी उमेदवार यादी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या निवडणूक शाखेत मागा. आधी तोंडी विचारा. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. नाही झाले तर माहिती अधिकार. जोडपत्र 'अ', १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एक विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. प्रतीचे पानाला २ रुपये. मुदत ३० दिवस. मागणी अशी लिहा: '२४९ सोलापूर शहर मध्य, विधानसभा सार्वत्रिक निवडणूक २००९, नमुना २० ची संपूर्ण छायाप्रत.' 'शहर मध्यची सर्व निवडणूक माहिती द्या' असे लिहिले की अर्ज संदिग्ध म्हणून परत येतो, आणि त्यांचे चूकही नसते.

नमुना १७-अ, म्हणजे मतदान केंद्रावरची सह्यांची नोंदवही, मागू नका. ती मोहोरबंद असते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाही. उमेदवारांची शपथपत्रे, नमुना २६, मात्र आयोगाच्या संकेतस्थळावर खुली आहेत. वय, शिक्षण आणि व्यवसाय तिथूनच घ्या, प्रचारपत्रकातून नको.

वर्तमानपत्रे घटनांसाठी वापरा, आकड्यांसाठी नाही. मतपत्रिकेच्या काळात मोजणी रात्रभर चाले आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात अर्धवट फेऱ्यांचे आकडे छापले जात. तिसऱ्या-चौथ्या दिवशीचा अंकही काढा. सोलापुरात 'संचार'चे जुने अंक हाताशी धरावेत. हिराचंद नेमचंद वाचनालय आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाण्यापूर्वी कोणत्या वर्षांचे बांधीव खंड आहेत ते विचारून जा. मतदानाआधीचे पंधरा दिवस आणि निकालानंतरचे आठ दिवस चाळले की पुरते. बंडखोरी, माघार, पाठिंबा या गोष्टी अर्ज मागे घेण्याच्या दिवसाच्या आसपासच सापडतात.

लिहिताना

प्रकरणे दशकांनुसार पाडू नका, हद्दीनुसार पाडा. सांगोल्यासारख्या जागेची कहाणी सलग वाटते, कारण एक नाव अर्धशतकभर तिथे होते. तरीही प्रत्येक आदेशाने कोणती गावे आली-गेली हे प्रकरणाच्या तोंडाशी दोन ओळींत द्या. शहर मध्यला मात्र चारच निवडणुका आहेत, तेव्हा तिथे केंद्रनिहाय खोलात जाता येते.

जातनिहाय मतदारांचे आकडे घालू नका. 'लिंगायत इतके हजार, पद्मशाली इतके हजार, मुस्लिम इतके हजार' अशा याद्या दर निवडणुकीला फिरतात आणि प्रत्येक यादी वेगळी असते. मतदार यादीत जात नसते. १९३१ नंतर २०११ पर्यंतच्या जनगणनांतून अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर जातींची संख्या आलेली नाही. 'पूर्व भागात तेलुगू भाषक विणकर वस्ती मोठी आहे' हे विधान चालेल. त्याला आकडा जोडला की तो कुठून आणला ते सांगावे लागेल.

निकालाला आव्हान दिले गेले होते का, ही शेवटची तपासणी. निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते, पण निकाल लागायला वर्षे जातात आणि तोवर सभागृह विसर्जित झालेले असते. निवड रद्द झाली असेल तर आयोगाच्या मूळ अहवालात त्याचा मागमूस नसतो. प्रत्येक निसटत्या निकालापुढे 'याचिका: होय, नाही, तपासायची' असा रकाना ठेवा आणि 'तपासायची' असलेल्या ओळी पूर्ण होईपर्यंत तक्ता कोणाला देऊ नका. नव्या जनगणनेनंतर पुढची पुनर्रचना येईल, तेव्हा 'हद्द' रकान्यात सातवे वर्ष लिहावे लागणार आहे. आजच्या हद्दीतली गावे आणि यादीचे भाग आत्ताच जोडून ठेवलेत तर त्या वेळी हेच काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागणार नाही.